तक्त्यातली आडवी रेघ

ग्रंथालयात त्यांना पुरावाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते नाव त्यांना आवडायचंही. चौतीस वर्षं त्या कॅटलॉगच्या खोलीत खिडकीजवळच्या एकाच टेबलाशी बसल्या. काम काय, तर कुठलं लिखाण कोणाचं ते ठरवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, यात ठरवायचं काय, पुस्तकावर छापलेलंच असतं की! कुठलं आलंय! कशावर टोपणनाव असतं, कशावर नुसती आद्याक्षरं, कशावर काहीच नाही. एकाच नावाचे दोन गृहस्थ निघतात, एक दातांचा डॉक्टर आणि दुसरा कवी, आणि कुठल्यातरी ग्रंथालयानं दोघांना एका नोंदीत बांधून टाकलेलं असतं. मग किडलेली दाढ आणि विरहगीतं एकाच माणसाच्या नावावर सुखानं नांदतात. असली गाठोडी सोडवायची, विखुरलेलं एकत्र आणायचं, देशोदेशीच्या कॅटलॉगशी ताडून पाहायचं आणि मग नोंदीत लिहायचं की हे ह्यांचं. त्याखाली एक रकाना असतो, 'पुरावा'. तो रिकामा ठेवून पुरावाबाईंनी जन्मात एक नोंद पुढे सरकवली नाही.

तरुणपणी एकानं त्यांना "तू मला आवडतेस" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी "कशावरून?" असं विचारलं, अशी एक दंतकथा त्या खोलीत चालत आलेली होती. ती खरी की खोटी, याचा पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता. लग्न त्यांनी केलं नाही एवढं खरं. आईवडिलांबरोबर राहिल्या, आणि वडील गेल्यावर आईबरोबर.

त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे घरच्यांची साक्ष धरायची नाही. नियम पुस्तकातला होता, त्यांचा नव्हे, पण पाळावा तर त्यांनीच. माणसं यायची, कोणी आजोबांसाठी, कोणी आत्यासाठी. "अमुक पुस्तक आमच्या आजोबांचं हो, नाव दुसऱ्याचं लागलंय," असं सांगता सांगता रडायचीसुद्धा. पुरावाबाई त्यांना पाणी द्यायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या, मधे बोलायच्या नाहीत. शेवटी म्हणायच्या, "कागद आणा." कागद नसला की माणूस आल्या पावली परत जायचा. त्या वाईट नव्हत्या. एकाला रडून मिळालं तर उद्या दहा जण रडत येतील, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं.

त्यांचे वडील वेधशाळेत निरीक्षक होते. निरीक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुर्बीण येते. ह्यांच्या वाट्याला दव आलं होतं. वेधशाळेच्या आवारात, झाडांपासून लांब, एका लाकडी चौकटीवर हातभर लांबरुंद काच आडवी ठेवलेली असे. रात्रभर तिच्यावर दव साचायचं. सूर्य उगवायच्या आत बाबा जायचे, कोरड्या टीपकागदानं ते सगळं टिपून घ्यायचे आणि तो ओला कागद नाजूक तराजूत तोलायचे. कोरड्या कागदाचं वजन वजा केलं की आदल्या रात्रीचं दव हातात. तो आकडा तक्त्यात मांडायचा. ऊन वर आलं की मोजायला काही उरायचंच नाही, म्हणून घाई असायची ती तेवढ्याच वेळात. "एवढं दव मोजून करायचंय काय?" असं शेजारी विचारायचे. बाबा म्हणायचे, "आधी मोजून तर होऊ दे."

सुट्टीच्या दिवशी ते लेकीला बरोबर न्यायचे. तिनं टीपकागदांचा पत्र्याचा डबा धरून उभं राहायचं. बोलायला परवानगी होती, उड्या मारायलाही होती. फक्त काचेला हात लावायचा नाही.

वेधशाळेत छापील तक्त्यांचा नमुना दर दोन वर्षांनी बदलायचा, आणि उरलेले जुने तक्ते 'रद्द' असा शिक्का मारून टाकून देत. बाबा ते गठ्ठ्यानं घरी आणायचे. कागद चांगला जाड, पाठ कोरी करकरीत, फेकवेल कशी! त्या घरात सामानाची यादी, नातेवाइकांना पत्रं, परीक्षेची उजळणी, सगळं रद्द तक्त्यांच्या पाठीवर व्हायचं. पुरावाबाई अक्षरं गिरवायला शिकल्या त्यासुद्धा त्याच कागदांवर. कागद दिसला की तो उलटा करायचा, ही त्या घराची रीतच होती.

त्या दहा वर्षांच्या असताना 'दवाचे मोजमाप' नावाचं शहाण्णव पानांचं एक पुस्तक घरातल्या फळीवर आलं. लेखकाच्या जागी 'एक निरीक्षक' एवढंच होतं. वेधशाळेच्या संचालकांची आठ पानी प्रस्तावना होती, तिच्याखाली त्यांचं नाव पदव्यांसकट ठळक. बाबांच्या हुद्द्याच्या माणसानं स्वतःच्या नावानं पुस्तक काढावं अशी तिथे पद्धत नव्हती. संचालक म्हणाले, "'एक निरीक्षक' पुरे." बाबा म्हणाले, "बरं." 'बरं' हा बाबांचा शब्द. दुसरा माणूस जिथे भांडायला उठला असता, तिथे बाबा 'बरं' म्हणून चहा प्यायला बसायचे. हे सगळं लेकीला कोणी सांगितलं नाही. तिच्या लेखी ते ऑफिसातून मिळालेलं एक पुस्तक होतं, आणि त्यात चित्रंही नव्हती.

इकडे कुठल्याशा ग्रंथालयात कॅटलॉग करणाऱ्या कोणीतरी ते पुस्तक उघडलं. लेखक सापडेना, प्रस्तावनेखाली नाव सापडलं, लावून टाकलं तेच. ही त्या धंद्यातली जुनी खोड आहे. दारावर पाटी नसली की दारात उभा असेल त्यालाच घरमालक समजायचं. मग दुसऱ्या ग्रंथालयानं पहिल्यावरून उतरवून घेतलं, तिसऱ्यानं दुसऱ्यावरून. पुस्तक संचालकांचं होऊन गेलं.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते आणि पुरावाबाईंना कॅटलॉग विभागाचं प्रमुखपद मिळून महिनाही झाला नव्हता. एके दिवशी सकाळी बाबा ग्रंथालयात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले होते, तेही इस्त्रीचा शर्ट घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून. इतर माणसं बसत तशी त्यांनी टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि तिच्या कडेवर बसले.

"तुमचा कॅटलॉग आता कॉम्प्युटरवर असतो म्हणे. कुठूनही दिसतो."

"हो बाबा. का हो? घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी ठीक आहे. हे पुस्तक जरा बघ. कोणाच्या नावावर आहे ते."

पुरावाबाईंनी पाहिलं. आपल्याकडे संचालक. बाहेरच्या एकोणीस ग्रंथालयांत संचालक. तसं त्यांनी सांगितलं.

"ते माझं आहे," बाबा म्हणाले.

खोलीतल्या टाइपिंगचा आवाज थांबला. सगळे कान टवकारून बसले होते, आणि पुरावाबाईंना ते पाठीला कळत होतं. दुसरं कोणी असतं तर त्यांनी आधी पाणी मागवलं असतं. बाप समोर होता म्हणून त्या नेहमीपेक्षा दोन बोटं अधिकच ताठ झाल्या.

"पुरावा काय, बाबा?"

"म्हणजे?"

"हस्तलिखित आहे का?"

"छापखान्याला दिलं ते दिलं. परत कुठे मागायचं?"

"संचालकांचं पत्र? छापखान्याचं एखादं?"

"छापखाना बंद पडला. साहेब गेले. पत्रं मी ठेवली नाहीत." बाबांनी वर्तमानपत्र सोडलं, पुस्तक काढलं, एक पान उघडलं. शोधावं लागलं नाही, उघडल्यावर पुस्तक त्याच पानावर पडलं. आकड्यांचा तक्ता होता, रोजची तारीख आणि त्यापुढे वजन. मधे एका तारखेपुढे आकडा नव्हता, छोटी आडवी रेघ होती. बाबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे बघ."

"काय आहे ते?"

"बघ तर."

पुरावाबाईंनी पाहिलं. मग शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बाबा, ही तर रिकामी जागा आहे. रिकाम्या जागेचा पुरावा कसा होईल?"

बाबांनी बोट लगेच उचललं नाही. लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, "बरं," आणि पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. जाताना शिपायालाही हसून निरोप दिला.

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. "स्वैपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलंय त्यांनी! तीन वर्षं! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"आई, घरच्यांची साक्ष धरत नाहीत."

"धरत नाहीत? मग घरच्यांच्या हातचं खातेस कशाला? खाणावळीत जा. तिथे पावती मिळते!"

बाबा मधे पडले, म्हणाले, "जाऊ दे. तिचं काम आहे ते." आईनं त्यानंतर तो विषय काढला नाही, आणि लेकीशी आठ दिवस जेवढ्यास तेवढं बोलली.

पुढच्याच वर्षी त्या बंद पडलेल्या छापखान्याचे कागद ग्रंथालयाकडे आले. मालकाच्या मुलींनी गोदाम रिकामं करताना बेचाळीस खोकी पाठवून दिली होती. एवढ्या सगळ्याची यादी करायला सहा आठवडे होते आणि माणूस एकच, पुरावाबाई. अशा वेळी रीत ठरलेली असते. फाइल उघडायची, वरचा कागद पाहायचा, एखादं मोठं नाव दिसलं तर थांबायचं, नाहीतर फाइलीवर एक ओळ लिहून पुढची घ्यायची. ज्या ओळीत काही सांगण्यासारखं नसेल तिच्या शेवटी 'किरकोळ' लिहायचं. यात आळस नव्हता. तशी यादी केली नसती तर ती खोकी अजून कुलपातच राहिली असती.

बाबांनी बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. सकाळच्या चहाला म्हणाले, "त्या छापखान्याचे कागद आलेत म्हणे तुमच्याकडे."

"आलेत."

"त्यात असेल का गं काही?"

"पाहते बाबा."

दोन महिन्यांनी त्यांनी पुन्हा विचारलं. कपात बघून विचारलं.

"पाहिलं बाबा. तसं काही नाही."

हे बोलताना आपण खोटं बोलतोय असं पुरावाबाईंच्या मनातही आलं नाही. प्रत्येक फाइल त्यांच्या हाताखालून गेली होती. बाबा म्हणाले, "बरं." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. चार वर्षांनी छातीचं दुखणं झालं आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तसंच त्यांच्या कपाटात राहिलं.

त्यालाही अकरा वर्षं झाली. पुरावाबाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि ग्रंथालयाला नवे प्रमुख मिळाले होते. हे प्रमुख वयानं लहान, बोलायला गोड, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्यांनी 'किरकोळ' शब्दाचा ध्यास घेतला. "किरकोळ म्हणजे काय? कोणाच्या लेखी किरकोळ?" असं बैठकीत विचारलं आणि तो शब्द सगळ्या कॅटलॉगमधून काढून टाकायचा हुकूम सोडला. शोधलं तर तीनशे सोळा फायली निघाल्या. त्यातल्या दोनशे नव्वदांवर अक्षर पुरावाबाईंचं.

"जाण्याआधी आपलं किरकोळ आपणच आवरा, बाई," शेजारच्या टेबलावरचे दोनचष्मे म्हणाले. दोनचष्मे म्हणजे त्यांचे वीस वर्षांचे सहकारी. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर, आणि पाहिजे असलेला नेहमी दुसराच.

पुरावाबाई कुरकुरतच बसल्या. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच फायली खरोखर किरकोळ निघाल्या. शाई पातळ आल्याच्या तक्रारी होत्या. गळक्या नळावरून छापखाना आणि शेजारचा शिंपी यांच्यातली अकरा पत्रं होती, उत्तरोत्तर चढत गेलेली, आणि शेवटच्या पत्रात शिंप्यानं छापखान्याला नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. पुरावाबाई वाचताना हसल्या. आपण त्या वेळी बरोबरच केलं होतं असंही त्यांना वाटलं.

सतराव्या खोक्यातली नववी फाइल त्यांनी एका दुपारी उघडली. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'छापील नमुने, रद्द. किरकोळ.' आत पहिला कागद म्हणजे वेधशाळेचा निरीक्षण तक्ता, कोरा, त्यावर तिरका शिक्का. खालीही तसाच. त्याखालीही.

पुरावाबाईंनी वरचा कागद उलटला.

जांभळी शाई होती. बाबांचं अक्षर होतं, उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडं खाली उतरणारं. वर पत्ता होता, ज्या घरातून पुरावाबाई त्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघाल्या होत्या त्याच घराचा. 'माझ्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे सोबत पाठवीत आहे,' असं पत्र सुरू होत होतं. खाली पूर्ण नावानिशी सही.

तेवीस कागद होते, सगळे रद्द तक्त्यांच्या पाठीवर. सहा पत्रं आणि प्रकरणांचे कच्चे मसुदे. याहून भक्कम पुरावा त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर, ह्याच हातांत तो होता, आणि बाबा तेव्हा घरी बसून वाट पाहत होते. एक कागद उलटायचा होता. त्या घरात वाढलेल्या मुलीला कागद उलटून पाहायचं सुचू नये! पुरावाबाईंनी दोन्ही हात कागदांवरून उचलून मांडीवर ठेवले.

मग त्यांनी पुढची पत्रं वाचली. चौथं पत्र असं होतं:

'पान ४१, तक्ता सातवा. संचालकसाहेबांचे म्हणणे असे की रिकाम्या जागी आदल्या व दुसऱ्या दिवसाची सरासरी घालावी, म्हणजे तक्ता पूर्ण दिसेल. कृपया तसे करू नये. त्या पहाटे माझी सात वर्षांची मुलगी बरोबर होती व तिचा हात काचेस लागला. चूक तिची नाही, तिला मीच नेले होते. जे मोजले नाही ते लिहू नये. रेघ तशीच ठेवावी, ही विनंती.'

समासात छापखान्यातल्या कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'ठेवली.'

पुरावाबाईंना ती पहाट आठवली. पत्र वाचेपर्यंत ती कुठे होती कोण जाणे, पण आता सगळीच्या सगळी आठवली. काच दिसायला दुधी झाली होती आणि ती खरंच तशी आहे का, हे हाताला हवं होतं. पूर्ण पंजा टेकला होता. किती थंड! मग आपण काय केलं ते कळून ती पोर रडायलाच लागली होती, डबा पडला होता, टीपकागद गवतात पसरले होते. बाबा रागावले नव्हते. ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत म्हणाले होते, "काही झालं नाही. काहीसुद्धा बिघडलं नाही." तिनं ते खरं मानलं होतं. बिघडलेलं त्यांनी कधी तिच्या कानावर येऊ दिलं नाही. म्हणूनच त्या दिवशी टेबलाशी बसूनही ते तोंडानं सांगू शकले नाहीत, नुसतं बोट ठेवून पाहत राहिले. ती रेघ रिकामी नव्हती. तिच्याइतका बोलका पुरावा अख्ख्या पुस्तकात दुसरा नव्हता, आणि साक्षीदार समोरच बसला होता, 'पुरावा काय' विचारत.

दोनचष्मे चहाला बोलवायला आले तेव्हा पुरावाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी फाइल पुढे सरकवली. "ही नोंद तुम्ही करायची. मी केलेली चालणार नाही. नात्यातली आहे."

दोनचष्म्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि सवयीनं, थट्टेनंच, म्हणाले, "पुरावा काय, बाई?" मग वाचू लागले. चौथ्या पत्राशी ते थांबले. सोळा वर्षांपूर्वी टाइपिंग थांबवून ऐकणाऱ्यांत ते होते.

"ही सात वर्षांची मुलगी म्हणजे..."

"हो."

"बाई, मी आत्ता जे बोललो ते..."

"बरोबरच बोललात. तेच विचारायचं असतं." पुरावाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "नीट तपासा. सही जुळवून पाहा, पत्ता पाहा, मसुदा छापील मजकुराशी ताडून घ्या. माझे वडील आहेत म्हणून काही सोडू नका."

दोनचष्म्यांनी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून तपासलं आणि चौथ्या दिवशी नोंद बदलली. संचालकांचं नाव प्रस्तावनेपुरतं खाली गेलं. लेखकाच्या जागी बाबांचं पूर्ण नाव आलं, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष आलं. पुराव्याच्या रकान्यात खोक्याचा आणि फाइलीचा नंबर आला. पुरावाबाईंनी एक ओळ स्वतः घालायला लावली: 'ही फाइल पंधरा वर्षे चुकीने किरकोळ म्हणून नोंदलेली होती,' आणि पुढे चूक करणाऱ्याचं नाव. प्रमुख म्हणाले, "बाई, नावाची काही गरज नाही. असं कोणी लिहीत नाही." पुरावाबाई म्हणाल्या, "कोणाचं काय आहे ते लिहायचं, एवढंच तर आपण करतो." प्रमुखांनी मग वाद घातला नाही.

बाहेरच्या एकोणीस ग्रंथालयांना त्यांनी पत्रं धाडली, सोबत कागदांच्या प्रती. अकरांनी नोंद बदलली. पाचांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी मूळ कागद पाहायला मागितले. एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून नम्र पत्र आलं की आमची नोंद मुळात आपल्याच ग्रंथालयाच्या नोंदीवरून घेतलेली आहे, त्यामुळे मूळ चूक कोणाची ते आम्हाला कळत नाही. पुरावाबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि फाइलीला लावलं. त्यांना आता कळून चुकलं होतं की त्या निवृत्त झाल्यावरही कुठेकुठे ते पुस्तक संचालकांचंच राहणार. बाबा असताना सुरुवात केली असती तर आतापर्यंत सगळीकडून निघालं असतं. आणि नसतं निघालं, तरी बाबांनी निदान इथली नोंद डोळ्यांनी पाहिली असती. इस्त्रीचा शर्ट घालून आले असते. शिपायाला दाखवली असती.

नव्या नोंदीचा कागद आणि चौथ्या पत्राची प्रत घेऊन त्या घरी गेल्या. इतके दिवस आईला सांगायचा धीर झाला नव्हता. ब्याऐंशी वर्षांची आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, पायांवर शाल, ऐकायला थोडं कमी, बाकी सगळं शाबूत.

"आई, बाबांचं पुस्तक त्यांच्या नावावर लागलं."

आईनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. नवऱ्याचं नाव सापडल्यावर त्यावरून अंगठा फिरवला. "मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली, पण त्यात भांडण नव्हतं. "कागद सापडला वाटतं?"

"सापडला. माझ्याकडेच होता." पुरावाबाईंनी सगळं सांगितलं, काही न वगळता. 'पाहिलं बाबा, तसं काही नाही' हेही सांगितलं. मग त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. काचेस हात लागल्याचं आलं तशी आई हसली.

"आठवतं की! त्या दिवशी घरी आले ते हसतच आले. म्हणाले, आज काचेवर पाच बोटं उमटलीत, वजन कसलं घेऊ?"

"मग काच पुसली त्यांनी?"

"कुठली पुसताहेत! म्हणाले, पुसवेना. तशीच ठेवून आलो, ऊन वर आलं की जाईल आपोआप." आई शालीचा कोपरा चाचपत होती. "आणि पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्यांदा ते पान काढलं. मला म्हणाले, ही बघ, ही आपल्या पोरीची जागा. ती मोठी झाली की मी स्वतः दाखवणार आहे तिला. तू सांगायचं नाहीस. म्हणून मी बोलले नाही बाई कधी."

पुरावाबाईंच्या हातातलं पत्र खाली आलं.

"विसरले असतील," आई म्हणाली. "नाहीतर दाखवली असती त्यांनी."

"दाखवली होती, आई."

"हो? कधी?"

"ग्रंथालयात आले होते तेव्हा. बोट ठेवून दाखवली."

आईचा चेहरा एकदम खुलला. ती खुर्चीत पुढे सरकली, लेकीचं मनगट धरलं. "मग? काय म्हणालीस तू?"

आपण काय म्हणालो होतो ते पुरावाबाईंना शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. त्यांनी वाकून आईच्या पायांवरची शाल सारखी केली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली, आणि तरी आई उत्तराची वाट पाहतच होती.